दोनशे फोटो टाकले, बोललं कोणीच नाही

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातली. वय ४३. सासूबाई आणि मी मिळून बिबड्या (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड, कुरडया आणि काळा मसाला करतो. उन्हाळ्यात शेजारच्या चार बायका मदतीला येतात. दोन वर्षांपूर्वी मुलानं इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर पान काढून दिलं. आतापर्यंत दोनशेच्या वर फोटो टाकले. एका जाहिरातवाल्याला ८,००० रुपये दिले, त्यानं महिन्याभरात १,५०० फॉलोअर वाढवून दिले, पण त्यातून ऑर्डर एकही आली नाही. माल खपतो तो नात्यात आणि ओळखीत. मुलगा म्हणतो रोज रील टाक. मी बोलायला लागले की अहिराणी येते, त्यावर तो म्हणतो लोक हसतील. सासूबाई कॅमेऱ्यापुढे यायला तयार नाहीत. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावा का? की हे सगळं बंद करून पुन्हा आठवडे बाजारात बसावं?
– एक वाचक, पारोळा तालुका

ताई,

पत्रासोबत तुम्ही पानाचा पत्ता दिला होता. उत्तर लिहायच्या आधी मी रात्री जेवणखाण आटोपून तुमचं पान खालपासून वरपर्यंत पाहिलं. फोटो चांगले आहेत. माल तर इतका देखणा आहे की नागलीच्या पापडाचा तो तपकिरी रंग बघून मला माझ्या आईचं धाबं, म्हणजे वाळवण घालायचं सपाट छत, आठवलं. पण दोन गोष्टी पाहून मला फार वाईट वाटलं, त्या आधी सांगते.

पहिली गोष्ट अशी की तुमच्या जवळजवळ प्रत्येक फोटोवर लाल-पिवळ्या अक्षरांत एकच मजकूर आहे : ‘दर्जेदार, घरगुती, खात्रीशीर चव. आजच संपर्क करा.’ हा मजकूर तुमच्या पानावरून उचलून नाशिकच्या लोणच्यावर लावला काय, कोल्हापूरच्या चटणीवर लावला काय, कोणाला फरक कळणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. फोटोंखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं. ‘किलोचा भाव काय?’ ‘बिबड्यांत तीळ घालता का?’ ‘सुरतला पाठवता का?’ असे अकरा प्रश्न मी मोजले. त्यांपैकी सातांना उत्तरच नाही. उरलेल्या चारांना दोन-तीन आठवड्यांनी हात जोडल्याचं चित्र आणि ‘धन्यवाद’.

ताई, सुरतला पाठवता का असं विचारणारी बाई म्हणजे दारात उभी असलेली ऑर्डर होती. तुम्ही लिहिता की कोणी बोलत नाही. लोक बोललेत. आपण ‘ओ’ दिली नाही. हे तुम्हाला बोल लावायला म्हणत नाही. शेवया-पापडाच्या दिवसांत पहाटे चारला उठून बिबड्यांचा घाटा ढवळणाऱ्या बाईला फोन बघायला वेळ कुठून मिळणार, हे मला कळतं. पण दुखणं नेमकं कुठे आहे ते कळल्याशिवाय औषध सापडत नाही, आणि तुमचं दुखणं रील कमी पडल्याचं नाही.

आणखी एक करा, आजच करा. इन्स्टाग्राममध्ये अनोळखी माणसाचा निरोप थेट समोर येत नाही, तो ‘मेसेज रिक्वेस्ट’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. मुलाला तो कप्पा उघडायला सांगा. तिथे दोन वर्षांचं काहीबाही पडलेलं असेल. त्यात एकही खरं गिऱ्हाईक निघालं तर उशीर झाला म्हणून लाजू नका. सरळ लिहा, ‘ताई, तुमचा निरोप आज पाहिला, उशीर झाला, माफ करा. बिबड्या अजून लागतात का?’ माणसं अशा साध्या शब्दांना मान देतात.

आता बोलणं म्हणजे काय, ते माझ्या वडिलांकडून शिकले तसं सांगते. धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. खेड्यावरून गिऱ्हाईक आलं की ते आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि विचारायचे, “तुमनाकडे पानी पडना का?” कपाशी कशी आहे, लेक कुठे दिली, जावई काय करतो. मला लहानपणी वाटायचं, हे वेळ घालवतात. मग एकदा त्यांची वही पाहिली. त्यात गावाचं नाव, माणसाचं नाव, पुढे ‘थोरली मुलगी, यंदा लग्न’ किंवा ‘घर बांधतोय’ असं लिहिलेलं. दोन वर्षांनी तोच माणूस आला की वडील विचारायचे, “घर झालं का बांधून?” तो माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचा नाही. आणि पाऊस कुठे पडला हे विचारल्यामुळे दिवाळीला कोणत्या पट्ट्यातून गिऱ्हाईक येईल, माल किती भरायचा, हेही त्यांना आधी कळायचं. गप्पांतूनच त्यांचा धंदा चालायचा.

फोनवरचं काम यापेक्षा वेगळं नाही. तुम्ही आजवर पाटी लावून ठेवली. आता ओट्यावर येऊन बसा.

बसायचं म्हणजे कसं, ते एका उदाहरणानं दाखवते. बिबड्यांचाच विषय घ्या. ज्वारी भिजवायची, कांडून-भरडून घाटा शिजवायचा, त्यात लसूण, जिरं, तीळ, मिरची, आणि मग ओल्या धोतरावर थापायच्या. हे खान्देशात प्रत्येक घरात होतं, पण दोन घरांत सारखं होत नाही. कोणी दोन दिवस भिजवतं, कोणी तीन. कोणी आंबूस वास आल्याशिवाय पुढे जात नाही. कोणाच्या घरी लसूण वर्ज्य. आणि गरम घाट्याची वाटी, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, ही आठवण तर ज्याचं बालपण इकडे गेलं त्या प्रत्येकाची आहे. मग तुम्ही वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका. फक्त हात, ओलं धोतर आणि थापण्याचा आवाज. मागे गाणं लावू नका. खाली एवढंच लिहा : ‘आम्ही ज्वारी तीन दिवस भिजवतो. तुमच्याकडे किती?’

हा प्रश्न चांगला का आहे? कारण त्याचं उत्तर प्रत्येकीकडे आहे आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. ‘आमचे पापड कसे वाटले?’ या प्रश्नाला कोणी काय म्हणणार, छान म्हणणार. तिथे गाडी थांबते. समोरच्याला जे ठाऊक आहे ते विचारलं की तो थांबून लिहितो.

आता समजा खाली कोणी लिहिलं, ‘आमची आजी दोनच दिवस भिजवायची, आणि लसूण नाही घालायची.’ इथे हात जोडल्याचं चित्र टाकलं की बोलणं संपलं. त्याऐवजी विचारा, ‘लसूण नाही? मग तिखटाला काय घालायच्या? आजीचं गाव कोणतं?’ ती लिहील शिंदखेडा, किंवा साक्री. मग तुम्ही लिहाल, ‘माझी मावशी साक्रीची, तिकडे असंच करतात.’ दोघींचं बोलणं वाचून तिसरी उतरेल. चौथी आपल्या बहिणीला तो व्हिडिओ पाठवून म्हणेल, बघ, आपल्या घरच्यासारखं. आणि तुम्ही एकदाही ‘विकत घ्या’ म्हटलेलं नसेल. आठ दिवसांनी त्या आजीच्या नातीसाठी बिनलसणाच्या दोन किलो करून ठेवल्यात, तर ती पुढची दहा वर्षं तुमचं गिऱ्हाईक.

बहिणीला पाठवणं, ही गोष्ट छोटी समजू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी स्वतः सांगितलं आहे की व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, किती जणांना आवडला आणि किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला, या तीन गोष्टी सगळ्यात जास्त धरल्या जातात. आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर पाठवण्याला जास्त वजन असतं. ‘आजच संपर्क करा’ लिहिलेला फोटो कोणी आपल्या बहिणीला पाठवत नाही. उलट ‘पाच जणांना टॅग करा आणि बक्षीस मिळवा’ असल्या पोस्टच्या नादीही लागू नका. मागून घेतलेल्या लाइक-शेअरच्या पोस्ट फेसबुकनं २०१७ च्या डिसेंबरपासूनच मागे ढकलायला सुरुवात केली आहे.

आणि ते १,५०० फॉलोअर. ८,००० रुपये गेले, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या घरी ८,००० म्हणजे किती किलो पापड लाटणं आहे, हे मी समजू शकते. मी त्यातले चाळीस-पन्नास उघडून पाहिले. कोणाचा फोटो नाही, कोणाचं नाव म्हणजे नुसते आकडे. असे लोक बिबड्या खात नाहीत आणि बोलतही नाहीत. त्यांच्यामुळे तुमचा तोटाही होतो, कारण तुमचा नवा व्हिडिओ तुमच्या फॉलोअरांपैकीही काहींना दाखवला जातो, आणि तेच गप्प बसले तर तो पुढे सरकायला अडखळतो. मुलाला रोज थोडे थोडे करून हे खोटे फॉलोअर काढून टाकायला सांगा. आकडा चारशेवर येईल. येऊ द्या. त्या माणसाला पुन्हा पैसे देऊ नका.

आता सुरत. त्या बाईनं सुरतच का विचारलं असेल, याचा विचार केला का? सुरतेला उधना, लिंबायत या भागांत आपला खान्देशी माणूस किती आहे! धुळे-नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं कापडाच्या धंद्याच्या आसऱ्यानं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. तसंच पुण्यात, नाशिकला, कल्याण-उल्हासनगरला. पारोळ्याच्या बाजारात तुमच्या बिबड्यांना काय मोल? तिथे प्रत्येकीच्या घरी आहेत. पण उधन्यात दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहणाऱ्या बाईकडे वाळवणाला ना धाबं, ना खाट, ना चार शेजारणी. तुमचं खरं गिऱ्हाईक ती आहे. आठवडे बाजारात ती तुम्हाला कधी भेटणार नाही, फोनवर भेटेल. म्हणून बाजार की इन्स्टाग्राम हा प्रश्नच मला पडत नाही. बाजारात बसायचं असेल तर जरूर बसा, तिथे मसाला चांगला खपेल. पण पान बंद करू नका.

परगावी गेलेल्या या माणसांशी बोलायचे दिवसही आपल्या पंचांगातच आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोका बांधतात. श्रावणात आपली कानबाई देवी बसते तेव्हा पुण्या-सुरतेचे भाऊबंद रोटाच्या प्रसादासाठी एका घरी जमतात. या दोन वेळा तुम्ही गावातल्या प्रत्येक ओळखीच्या घरी जा, पाहुण्यांना पाव किलो बिबड्या चवीला द्या, आणि विचारा, ‘तिकडे गेल्यावर लागल्या तर सांगाल का? माझा नंबर घेऊन ठेवा.’ एका आखाजीत पंचवीस-तीस घरं जोडली जातील. ही पंचवीस घरं त्या दीड हजारांपेक्षा मोलाची, कारण प्रत्येक घरामागे तिथली गल्ली आहे.

अहिराणीबद्दल तुमच्या मुलाला माझा निरोप द्या, प्रेमानं द्या. त्याला वाटतं ते वाटणं साहजिक आहे. कॉलेजात आपल्या बोलीवर कोणीतरी हसलेलं असतं, ते मुलांच्या मनात राहतं. माझ्याही मनात कितीतरी वर्षं होतं. पण २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी अहिराणी-खान्देशी ही आपली मातृभाषा सांगितली. खान्देशातल्या विनोदी व्हिडिओंना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले, अहिराणी गाणी पार सुरत-पुण्याच्या वरातीत वाजतात. परगावी राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर गुजराती नाहीतर हिंदी पडते. त्याला फोनमधून अचानक ऐकू आलं, “तुमना घर ज्वारी कितला दिन भिजाडतस?” तर त्याचा अंगठा जागेवर थांबतो. ती एक ओळ ‘खात्रीशीर चव’ या शब्दांपेक्षा जास्त खात्री देते, कारण ही बाई आपल्याकडचीच आहे हे त्याला कळतं.

मात्र ओढूनताणून अहिराणी बोलू नका. तुम्हाला जिथे येते तिथे येऊ द्या. भाव, वजन, पत्ता, पार्सलचा खर्च हे साध्या मराठीत स्वच्छ लिहा, कारण रावेर-यावलकडे लेवा बोली, जामनेरकडे तावडी, आणि नाशिक-पुण्याचं गिऱ्हाईकही तुम्हाला हवंच आहे.

भावावरून आठवलं. तुमच्या पानावर भाव कुठेच लिहिलेला नाही. ‘किमतीसाठी मेसेज करा’ ही पद्धत मला अजिबात पटत नाही. बोलणं वाढावं म्हणून लोक असं करतात, पण विचारणाऱ्याला वाटतं की तोंड बघून भाव सांगतात. अर्धा किलोचा, किलोचा भाव आणि पुणे-सुरतेचा पार्सल खर्च पानाच्या वरच्या बाजूला लिहून टाका. त्यानंतर जो बोलायला येईल तो खरं बोलायला येईल.

आता व्हॉट्सॲप. ग्रुप काढू नका, ताई. यात माझी स्वतःची चूक आहे ती ऐका. वडिलांच्या पाठीमागे दुकान मी बघत होते तेव्हा वहीतले सगळे नंबर घेऊन मी एका रात्रीत ग्रुप केला. कोणाला विचारलं नाही. सकाळपासून ‘सुप्रभात’ची फुलं सुरू झाली, दुपारी निवडणुकीवरून भांडण लागलं. तेही मी सहन केलं असतं. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या लेकीला त्यातल्याच कोणीतरी रात्री-बेरात्री फोन करायला सुरुवात केली. तिचे वडील दुकानात आले, मोठ्यानं बोललेही नाहीत. “बेटा, तुझ्या वडिलांनी आमचा नंबर वहीत ठेवला होता,” एवढंच म्हणाले. मी त्याच दिवशी ग्रुप मोडला आणि एकेकाला फोन करून माफी मागितली. ते घर पुन्हा दुकानात आलं नाही. तुमचं गिऱ्हाईक बहुतेक बायकाच असणार. त्यांचा नंबर ही तुमच्याकडे ठेवलेली अमानत समजा.

त्याऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. २०१८ साली आलं, फुकट आहे. यात मालाचा कॅटलॉग भावासकट लावता येतो. तुम्ही घाट्यात हात घालून बसलेल्या असाल तेव्हा आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. तोही कोरडा ठेवू नका : ‘आत्ता वाळवण चालू आहे, हात पिठात आहेत. संध्याकाळी सातनंतर नक्की उत्तर देते.’ आणि संध्याकाळी सातला खरंच उत्तर द्या. वारंवार लिहावी लागणारी उत्तरं, म्हणजे भाव, पार्सल, टिकण्याचा काळ, एकदा लिहून ठेवली की दोन अक्षरांत निघतात. आणि लेबल नावाची सोय आहे, ती माझ्या वडिलांची वहीच आहे. ‘सुरत’, ‘पुणे’, ‘लसूण नको’, ‘तिखट कमी’, ‘आखाजीला विचारायचं’, अशी लेबलं करा. पण फोन हरवतो, बिघडतो. म्हणून एक दोनशे पानी वही सुद्धा ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे ती काय बोलली याची एक ओळ लिहा. हे काम मुलावर सोपवू नका. ही ओळ तुमच्या हातची हवी, तरच लक्षात राहील.

एकाच वेळी अनेकांना कळवायचं तर ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात आणि प्रत्येकीला निरोप वेगळा मिळतो, एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. पण ज्या बाईनं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे, तिलाच तो निरोप पोहोचतो. स्टेटसचंही तसंच, नंबर साठवलेला नसेल तर दिसत नाही. म्हणून पहिलं पार्सल पाठवाल तेव्हा त्यात हातानं लिहिलेली एक चिठ्ठी टाका : ‘माझा नंबर या नावानं साठवून ठेवा. नवीन घाणा निघाला की कळवीन, महिन्यातून दोनदाच.’ आणि दोनदा म्हणजे दोनदाच. निरोपातही नुसता माल नको. ‘काल ४४ अंशांत कुरडया दोन तासांत कडक वाळल्या, चीक यंदा पांढराशुभ्र आलाय, चाळीस किलोच होतील, कोणाला ठेवू?’ असं लिहिलं की समोरची वाचते, आणि उत्तर देते.

वेळेचं म्हणाल तर दिवसाला चाळीस मिनिटं पुष्कळ आहेत. दुपारी जेवणानंतर वीस, रात्री वीस. त्यातला बहुतेक वेळ उत्तरं देण्यात जाऊ द्या. दुसऱ्यांच्या पानांवरही जा, खान्देशी जेवण करणाऱ्या, शेतावरचे व्हिडिओ टाकणाऱ्या. कोणी कळण्याची भाकरी दाखवली तर मनापासून दोन ओळी लिहा. तिथे आपल्या मालाची जाहिरात चिकटवू नका, लोकांना ते लगेच कळतं. नवा व्हिडिओ आठवड्याला दोन केले तरी चालतील. रोज रील हे तुमच्या अंगावर घेण्यासारखं ओझं नाही, आणि पावसाळ्यात वाळवण नसताना रोज दाखवायचं तरी काय? तेव्हा खिचडीवर भाजलेला पापड दाखवा आणि विचारा, पापड भाजून की तळून. यावर घराघरात दोन पक्ष आहेत.

तक्रार येईल. बिबडी नाजूक, एसटीच्या पार्सलात नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिकीत तिच्यावर दुसरं बोचकं पडणारच. कोणी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘अर्ध्या तुटून आल्या,’ तर ते पुसू नका. तिथेच, सगळ्यांसमोर लिहा : ‘ताई, चूक आमच्या बांधणीची. तुटलेल्यांचा फोटो मला पाठवा, तेवढ्या पुन्हा पाठवते.’ आणि पाठवा. पुढच्या वेळी पुठ्ठ्याचा डबा, आत कागदाचे बोळे, बाहेर मोठ्या अक्षरांत ‘नाजूक’, याचाही व्हिडिओ करा. तक्रार कशी मिटवली हे वाचून मागवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आपण पुसलेली तक्रार मात्र तीच बाई दहा जणींना तोंडानं सांगते.

बोलणं वाढेल तसे लबाडही येतील. ‘मी लष्करात आहे, कॅम्पसाठी पन्नास किलो पापड हवेत, पैसे आत्ता पाठवतो, हा कोड स्कॅन करा,’ असा फोन आला तर तिथेच थांबा. ही फसवणूक देशभर छोट्या दुकानदारांशी झाली आहे. पैसे घेण्यासाठी आपल्याला कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. सासूबाईंनाही हे सांगून ठेवा. चुकून गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आणि पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नोंदणी क्रमांक मला कुठे दिसला नाही. घरगुती धंद्यालाही ही नोंदणी लागते. अजून केली नसेल तर हंगामाआधी करून घ्या. वजन, केल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवायचं, हेही छापा. पुण्यातलं गिऱ्हाईक बोलण्यावर विश्वास ठेवतं, पण पाकीट उलटून बघतंच.

राहिल्या सासूबाई. त्यांना कॅमेऱ्यापुढे ओढू नका. त्यांच्या पिढीनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना आपला चेहरा हजार अनोळखी लोकांच्या हातात नको असेल तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्या परवानगीनं फक्त हात घ्या. त्या बांगड्या, अंगठ्याच्या टोकावरची ती पिठाची पापडी, थापताना होणारा तो ओला आवाज. आणि त्या हो म्हणाल्या तर आवाज घ्या. त्यांच्या समोर बसा, फोन उलटा करून पाटावर ठेवा, आणि विचारा की त्यांच्या माहेरी ज्वारी किती दिवस भिजवायचे, पहिल्यांदा बिबड्या थापल्या तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या, कोणी शिकवलं. मध्ये बोलू नका. त्या सांगतील त्यातला अर्धा मिनिट त्यांच्या हातांच्या व्हिडिओवर लावा. टाकायच्या आधी त्यांना ऐकवा. मग सुरतेच्या त्या बाईला निरोप लिहा, आणि सोबत हा व्हिडिओ पाठवा.